घडीत राहिलेली ओळ

माझ्या मामाला गुरुमुखी वाचता यायची नाही, पण लिहिता यायची. ऐकायला विचित्र वाटेल, पण पेंटर लोकांत हे चालतं. कुठल्याही लिपीतला कागद समोर ठेवा, तो त्याचं चित्र करून द्यायचा. दातांच्या डॉक्टरचा बोर्ड, वकिलाची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे नियम, 'येथे गाडी लावू नये', सगळं. काय लिहिलंय ते गिऱ्हाइकाने बघायचं, कसं दिसतंय ते मामाने. ह्या वाटणीवर त्याचं आयुष्य गेलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला गुरुद्वारा आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला चपला-बूट ठेवायची खोली, तिला जोडाघर म्हणतात. उजव्या भिंतीवर पत्र्याचा हिरवा बोर्ड होता, दारापेक्षा मोठा. वर खंड्याचं, म्हणजे शिखांच्या दुधारी तलवारीचं चिन्ह, खाली पांढऱ्या अक्षरांत तेरा ओळी. तो त्या जागेचा इतिहास. मामाने तो चाळीस वर्षांपूर्वी रंगवला आणि दर पाच-सहा वर्षांनी, ऊन खाऊन अक्षरं पिवळी पडली की, पुन्हा तोच रंगवत राहिला.

इतिहास काय होता, तर नदीकाठी लाकडं कापायची गिरणी निघाली आणि तिथे कामाला म्हणून पगडीवाली माणसं लांबून आली. झोपायला खोल्या मिळाल्या, एका खोलीत नऊ-नऊ जण. पण ग्रंथसाहेब ठेवायला कोणी जागा देईना. मग एका शेडमध्ये, मातीवर सतरंजी टाकून, वर चादर ताणून त्यांनी ग्रंथसाहेब ठेवला. अकरा वर्षं शेडमध्येच पाठ झाला, शेडमध्येच पंगत बसली. पुढे गिरणी बंद पडली. निघून गेले ते गेले, राहिले त्यांनी विटांचा हॉल बांधला आणि गिरणीतला सगळ्यात उंच ओंडका तासून दारात झेंड्याचा खांब उभा केला. एवढं बोर्डावर होतं. शेड कोणाची, हे नव्हतं.

हॉलच्या मागच्या अंगाला, भिंतीला लागून, धोबीण मावशीचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, इस्त्रीचं टेबल, मागे दोन मोठे दगड, दोऱ्या आणि भिंतीतून बाहेर आलेला एक नळ. नळ गुरुद्वाऱ्याचा, पण तिची आई, आजी, सगळ्या त्याच पाण्यावर जगल्या. त्याच्या आधी तिथे विहीर होती. मावशी येईल त्याला सांगायची, "ती शेड माझ्या पणजीची. तिने दोऱ्या सोडल्या आणि ह्यांना जागा दिली."

मामा तिथे रोज यायचा. हाताला लागलेला रंग आधी रॉकेलने काढायचा, मग तिच्या साबणाने, तिच्या नळाखाली. तिने पणजीची गोष्ट काढली की हा म्हणणार, "हो तर. आकाशसुद्धा तुझ्या पणजीनेच धुवून टांगलंय."

"तुझी जीभ पण एकदा टाक इकडे, इस्त्री करून देते," मावशी म्हणायची.

असं त्यांचं वर्षानुवर्षं चालायचं. मी त्या दोघांत वाढले. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, बाप त्याआधीच पसार. मामाने लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायचा, सरळ रेघ मारायला एकटा माणूस लागतो, दुसऱ्याचा धक्का बसला की वाकडी जाते. माझा धक्का मात्र त्याने सतरा वर्षं सोसला. मी नववीत शाळा सोडली तेव्हा त्याने एकदाच विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, नक्की. "मग सातऐवजी सहाला उठायचं." संपला विषय. पुढे मी फ्लेक्स छापायच्या दुकानात लागले. म्हणजे ज्या मशीनने मामाचा धंदा खाल्ला त्याच मशीनवर. तो कधी टोचून बोलला नाही. फक्त सकाळी माझा डबा भरताना म्हणायचा, "शत्रूचा डबा तयार आहे, घेऊन जा."

शेवटी शेवटी त्याच्याकडे बोर्ड फक्त गुरुद्वाऱ्याचा उरला होता. त्याच्यावर त्याचा जीव. नव्या माणसाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला सांगायचा, तो हिरवा बोर्ड बघितलाय का, तो माझा. मला लाज वाटायची. आता वाटते त्या लाजेची.

तर झालं असं, की कमिटीने जुना हॉल पाडून संगमरवरी बांधायचं ठरवलं. जिना आणि गाड्यांची जागा मागच्या बाजूला, म्हणजे बरोबर मावशीच्या दगडांवर. सेक्रेटरी स्वतः तिच्याकडे गेला. माणूस वाईट नाही. ट्रकचा धंदा, पण आवाज कधी चढत नाही. तो म्हणाला, ताई, तीन महिन्यांत दुसरीकडे बघा, नळ बंद करावा लागेल. मावशी म्हणाली, "जागा आमची होती, आम्ही दिली. पाणी आमचं राहील असं ठरलं होतं. शेडच्या दिवसांपासूनचे तुमचे ते म्हातारे बाबाजी, त्यांनीच लिहून ठेवलंय, माझी आई सांगायची."

"कुठे लिहिलंय?"

"मला काय माहीत. मला वाचता येतं का?"

सेक्रेटरी म्हणाला, चला, बघू. आणि सगळे बोर्डापाशी आले. त्या दिवशी रविवार, मीही होते. सेक्रेटरीने तेराच्या तेरा ओळी मोठ्याने वाचल्या आणि मावशीला आपल्या भाषेत समजावून दिल्या. मग त्याने मामाला बोलावून घेतलं. मामा पंगतीत ताटं उचलत होता, ओल्या हातानेच आला.

"पेंटर, हा बोर्ड म्हाताऱ्या बाबाजींनी दिलेल्या कागदावरून केला ना?"

"त्यांच्याच हातचा कागद."

"काही सोडलं नाही? काही बदललं नाही?"

आता बघा, मामाचा बोर्ड म्हणजे मामाची नाडी. त्याने छाती पुढे काढली. म्हणाला, "साहेब, अक्षर न अक्षर उतरवलंय. मला वाचता येत नाही, म्हणून तर माझ्या हातून बदलणार नाही. ज्याला कळतं तोच बदलतो."

लोक हसले. मावशी हसली नाही. तिने मामाकडे एकदा बघितलं आणि इस्त्री गरम आहे म्हणून निघून गेली. सेक्रेटरी म्हणाला, "ताई म्हणतात तसं असेलही. पण बोर्डावर असतं तर आम्ही मानलं असतं." आणि खरं होतं ते. इतिहासाची छोटी पुस्तिका छापली होती, ती बोर्डावरून. शेजारी आपल्या भाषेतला लहान बोर्ड होता, तोही कोण्या मास्तरांनी ह्याच बोर्डावरून केलेला. जिकडे बघावं तिकडे मामाच्याच तेरा ओळी. बाबाजींचा कागद त्यांनी परत घेतला होता आणि ते त्याच थंडीत गेले. त्यांच्या खोलीतलं सामान कोणी कुठे नेलं, देव जाणे.

महिन्याभराने सेक्रेटरी घरी आला. नव्या इमारतीत इतिहास दगडावर कोरायचा, आणि अक्षरं मामाचीच हवीत. कोरणारं मशीन कॉम्प्युटरवर चालतं, त्याला फाइल लागते. ती मी करून द्यायची. मामा खुर्चीवरून उठून परत बसला. सगळ्या जन्मात त्याचं एकही अक्षर सहा वर्षांच्या वर टिकलं नव्हतं. तो म्हणाला, "दगडात?" सेक्रेटरी म्हणाला, "दगडात." मामाने त्याला दोनदा चहा पाजला.

खाका पत्र्याच्या ट्रंकेत होता. खाका म्हणजे काय, तर जाड तपकिरी कागदावर अक्षरं काढायची, अक्षराच्या कडेकडेने सुईने भोकं पाडायची. मग तो कागद पत्र्यावर चिकटवून वरून खडूच्या पुडीची पोटली आपटायची. पूड भोकांतून खाली जाते, कागद काढला की पत्र्यावर ठिपक्यांची अक्षरं. मग ब्रश फिरवायचा. मामाला वाचता येत नव्हतं, म्हणून दर वेळी हुबेहूब तेच यावं ह्यासाठी त्याने हा खाका केला होता. अकरा दिवस बसून सुई टोचत होता म्हणे.

मी तो दुकानात नेला आणि काचेवर पसरला. घड्यांवर फाटत आला होता. खालची एक घडी उघडेचना, रंगाने चिकटलेली. मी पातळ पातीने सोडवली. आत भोकांची आणखी एक रांग. पूर्ण ओळ, इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत.

मामाला फोन केला. म्हटलं, खाली अजून एक ओळ आहे.

"ती सोड. कागद लिहिणाऱ्याची सही आहे ती."

"एवढी लांब सही?"

"म्हातारी माणसं बापाचं, आजाचं, गावाचं, सगळं घालतात. आणि ती वेगळी होती, जरा अंतर सोडून. झालं काय, खाका तयार झाला आणि तेव्हाचा सेक्रेटरी म्हणाला वर खंडा काढ. खंडा काढला, सगळं खाली सरकलं, शेवटी एका ओळीला जागा उरली नाही. मग सही घडीत घातली. सही कोण वाचतं?"

"कोणाला विचारलंस?"

"कशाला विचारायचं? तू काम कर."

मला एक खोड आहे. बंद ठेवलेलं काही दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही. मी त्या ओळीचा फोटो काढला आणि संध्याकाळी जोडाघरात गेले. तिथे एक म्हातारे शीख बसतात, सगळे त्यांना नुसतं बाबा म्हणतात, पूर्वी बस चालवायचे, आता लोकांच्या चपला सांभाळतात, धूळ पुसून देतात. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा वर-खाली केला, ओठ हलवत वाचलं. परत पहिल्यापासून वाचलं.

"बेटा, हे कुठलं?"

"आधी सांगा काय आहे."

"ही जागा कपडे धुणाऱ्या माईची," बाबा म्हणाले. "तिने विश्वासाने दिली. जोवर इथे झेंडा उभा आहे, तोवर इथल्या पाण्यावर तिच्या घरच्यांचा हक्क."

मी मामाला तिथेच बोलावून घेतलं. घरी सांगायची माझी छाती झाली नाही. तो आला, बाबांनी वाचलं. मामा म्हणाला, परत वाचा. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग त्याने बसायला काहीतरी शोधलं, आणि लोकांच्या बुटांच्या फळीवरच बसला. फळी वाजली, दोन जोड खाली पडले. बाबांनी वाकून उचलले.

"मी म्हटलं होतं अक्षर न अक्षर," मामा म्हणाला. "तिच्या तोंडावर म्हटलं."

"तुला माहीत होतं का?"

"विचारायचं होतं ना गं. एका माणसाला विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी तो खाक्याची गुंडाळी घेऊन सेक्रेटरीच्या ऑफिसात. मी सोबत, कारण मला माहीत होतं हा तिथे पाघळणार. सेक्रेटरीने कागद खिडकीसमोर धरला. उजेड भोकांतून आला, अक्षरं स्पष्ट दिसली. त्याने वाचलं, कागद नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला.

"पेंटर, ही भोकं आहेत."

"हो साहेब."

"शाई नाही, सही नाही, तारीख नाही. उद्या कोणीही सुई घेऊन बसेल."

"जुनं भोक आणि नवं भोक वेगळं असतं साहेब. कडा बघा, कशा काळ्या पडल्यात."

"तुला कळतं. वकिलाला कळलं पाहिजे. आणि महिन्यापूर्वी तू बोर्डाखाली उभा राहून काय म्हणालास? शंभर माणसांनी ऐकलं. आता म्हणतोस ओळ राहिली. ह्यातलं कुठलं खरं धरू?"

मी म्हटलं, "खोटं बोलायला त्याला मिळणार काय?"

"मी खोटं म्हणत नाही, बेटी. वय झालंय. रोज त्यांच्याच नळावर बसणं-उठणं आहे, दया येते माणसाला. मला पण येते."

ही दया ऐकून माझं डोकं सणकलं. मी चार शब्द बोलले, ते इथे लिहीत नाही. मामाने माझा दंड धरला आणि सेक्रेटरीला एकच मागितलं. रविवारी सगळ्यांसमोर बोलू द्या. सेक्रेटरी जरा विचार करून म्हणाला, "जरूर. तसंही तुझं नाव आम्ही घेणारच होतो."

रविवारी मामाने दाढी केली, डोक्याला पांढरा रुमाल बांधला. हॉल भरलेला. पाठ झाला, कीर्तन झालं, मग सेक्रेटरी माइकवर आला. त्याने नव्या इमारतीचं सांगितलं, आणि म्हणाला, एक माणूस आपल्या धर्माचा नाही, आपली लिपी वाचत नाही, तरी चाळीस वर्षं आपला इतिहास त्याने जिवंत ठेवला. मामाला पुढे बोलावलं. मामा माइकपाशी गेला. त्याने बोलायला सुरुवात केली, "माझ्या हातून एक चूक," आणि तेवढ्यात पाठ करणाऱ्या ग्रंथींनी त्याच्या गळ्यात केशरी कापड घातलं. त्याला सिरोपा म्हणतात, सन्मानाचं असतं, सहज कोणाला मिळत नाही. सगळ्या हॉलने जयकारा दिला. मामाचं वाक्य त्याच्याखाली गेलं. तो तसाच उभा, तोंड अर्धं उघडं. जयकारा संपल्यावर तो म्हणाला, "बोर्डावर एक ओळ कमी आहे," पण माइक तोवर दुसऱ्याकडे गेला होता, पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ऐकलं असेल. त्यांना वाटलं म्हातारा नम्रपणे बोलतोय. एकाने तर हात जोडले.

सिरोपा काढून टाकता येत नाही. तो अपमान झाला असता, आणि मामाला त्यांचा अपमान करायचा नव्हता. ते कापड गळ्यात घालूनच तो मावशीकडे गेला. तसाच, काढायचं त्याला सुचलंच नाही.

मावशी चादरी पिळत होती. मामाने सांगितलं. खंडा, घडी, सही, सगळं. मधे थांबला नाही. मावशीने चादर दोरीवर टाकली, कडा जुळवल्या, चिमटे लावले.

"म्हणजे लिहिलेलं होतं," ती म्हणाली.

"होतं."

"माझी आई मरेपर्यंत लोक तिला फेकाडी म्हणायचे. तू पण म्हणायचास."

तिने चिमट्यांची टोपली पुढे ओढली.

"चाळीस वर्षं माझ्याच नळावर हात धुतलेस, पेंटरदादा."

बस. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दुसरी चादर उचलली. मी मामाच्या मागोमाग गेले होते, मीच त्याला ओढून आणलं. त्या दिवसापासून तो हात घरी धुवायला लागला. घरचं पाणी बादलीत साठवलेलं, त्याने रॉकेलचा वास जायचा नाही.

आता माझ्या हातात एक गोष्ट होती. फाइल. दगडवाल्याकडे ती मीच पाठवणार होते. मशीनला काय, तेरा काय आणि चौदा काय. कमिटीतले लोक मंजुरीचा कागद बघतील, वरवर चाळतील. कोरून आलं की दगड परत कोण बदलतो? मी ओळ घातली. अक्षरं नीट बसवली, अंतर सोडलं, सगळं मामासारखं. आणि मूर्खासारखं त्याला दाखवायला गेले.

त्याने पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर बघितलं. "सुंदर बसलंय," म्हणाला. मग म्हणाला, "काढ."

"का?"

"त्यांना न विचारता घालतेयस."

"तू न विचारताच काढली होतीस ना?"

"म्हणूनच सांगतोय."

"मामा, ती बाई रस्त्यावर येणार आहे. तू इथे कसली शिस्त पाळतोयस?"

"मी एकदा ठरवलं की ही ओळ वाचणाऱ्यांना लागत नाही. आज तू ठरवणार की लागते. उद्या तिसरा कोणी ठरवेल. मग त्या दगडाचं काय राहिलं? ते जाणूनबुजून घालतील तर घालू दे. नाहीतर ती पण भोकंच."

मी म्हटलं, तुझं तत्त्व तू चाटत बस. दार आपटून गेले. तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी ओळ काढली आणि फाइल पाठवली. त्याने सांगितलं म्हणून. जगात दुसऱ्या कोणासाठी काढली नसती. ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही कळत नाही, आणि कोणी शहाणपणा शिकवायला आलं तर मी ऐकून घेत नाही.

नळ ठरल्या तारखेला बंद झाला. प्लंबर आला, भिंतीतून आलेलं टोक कापलं, टोपण बसवलं, वर सिमेंट लिंपलं. पाच मिनिटांचं काम. मावशीने दगड सोडून बाकी सगळं हातगाडीवर चढवलं. दगड हलत नव्हते. तिच्या भाच्याची वस्ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिथे तिने एक गाळा घेतला, नुसत्या इस्त्रीचा. धुणं बंद. मामा गाडी ढकलायला गेला, तिने नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. त्याने अर्ध्या वाटेपर्यंत ढकलली. दम लागला तसा थांबला, गाडी पुढे गेली.

दगड बसला. सुरेख आहे, कोणीही म्हणेल. तेरा ओळी, मामाची वळणं, आत सोनेरी रंग भरलेला. हिरवा बोर्ड मामाने मागून घेतला. चौघांनी उचलून आमच्या खोलीत आणला, खोलीची एक भिंत त्यातच गेली, खिडकीही निम्मी झाकली. मग त्याने आठवडाभर तो पत्रा खरवडला. एकाखाली एक सात थर निघाले, प्रत्येक थरात तेच. घासून पत्रा कोरा केला, हिरवा मारला.

"आता बारीक अक्षरं काढणार," तो म्हणाला. "चौदा ओळी बसवणार. आणि ह्या वेळी खालून वर."

"खालून का?"

"वरून सुरू केलं की शेवटाला जागा उरत नाही."

त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, दुसरा तयारीत होता. हात कापायचा. तो काठी पत्र्याला टेकवायचा, काठीवर मनगट आणि मग ब्रश. दिवसाला दोन अक्षरं, कधी एक. बाबा जोडाघर बंद करून यायचे, खुर्चीवर बसून सांगायचे, ही वेलांटी जरा डावीकडे, हे अक्षर असं म्हणतात. मामा त्यांच्यामागून उच्चारायचा. पासष्टाव्या वर्षी त्याने गुरुमुखी वाचायला घेतली, त्याच एका ओळीपुरती. शेवटचं अक्षर झालं त्या दुपारी त्याने ओळ स्वतः वाचली, मला आणि बाबांना. मधे एकदा अडखळला, मागे जाऊन परत वाचली.

त्याच्या वरची ओळ त्याने पेन्सिलीने आखली. ती आखलेलीच राहिली. छातीत पाणी झालं म्हणाले, दवाखान्यात नऊ दिवस होता. तिथे मला विचारायचा, मावशीकडे गेलीस का? मी खोटं सांगायचे, गेले होते, बरी आहे. दहाव्या दिवशी विचारायला तो नव्हता. सेक्रेटरी आला होता, खांदा दिला त्याने. त्याला बाजूला सारावंसं वाटलं, पण सारलं नाही. मामाला आवडलं नसतं.

मग मी खरंच गेले. टेम्पोत बोर्ड घातला आणि मावशीच्या गाळ्यापाशी उतरवला. ती बाहेर आली, पदराला हात पुसत.

"पेंटरदादा गेले, कळलं मला," ती म्हणाली. "हे काय?"

"तुमची ओळ."

तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. एवढा मोठा हिरवा पत्रा आणि तळाला एकच पांढरी रांग.

"आणि वर?"

"वर काही नाही. तिथपर्यंत पोचला नाही."

तिने हाताने ओळ चाचपली, कापड बघतात तशी, चिमटीत यायचं नाही हे माहीत असूनही. "वाच."

वाचता मलाही येत नाही, पाठ होती ती मी अर्थासकट म्हटली. ती ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी तर गेलं." मी म्हटलं, हो. तिने टेम्पोवाल्याला सांगितलं, आत घ्या, भिंतीला लावा, कपड्यांना लागू देऊ नका.

बोर्ड आता तिथे आहे. मी महिन्यातून एकदा जाते. गिऱ्हाईक विचारतात, हे काय लिहिलंय, कुठली भाषा? मावशी इस्त्री न थांबवता सांगते. आधी सांगायची, माझ्या पणजीने शेड दिली. मग झालं, पणजीने शेड दिली आणि विहीर खणून दिली. परवा एकाला सांगत होती की हॉलच्या विटासुद्धा पणजीनेच डोक्यावरून वाहिल्या, सगळं इथे लिहिलंय, बघा. त्या माणसाने मान डोलावली. त्याला कुठे वाचता येत होतं.

मी बाकावर बसले होते. मी तिला अडवलं नाही.